आधी भरा, मग भांडा

"सर, आधी पेमेंट करून घ्या, मग तुमची कम्प्लेंट बघू." मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, कॉल सेंटरवर, ब्रॉडबँडच्या ऑफिसात हे वाक्य इतक्या सराईतपणे तोंडावर फेकलं जातं की ऐकणाऱ्याला तो नियमच वाटतो. तसा नियम नाही. बिल भरलेलं असो वा नसो, तक्रार नोंदवून घेणं आणि तिचा डॉकेट नंबर देणं दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमावलीने कंपनीला बंधनकारक केलं आहे. तरीही माणसं निमूटपणे पैसे भरतात. त्यांना त्या कंपनीतून बाहेर पडायचं असतं, आणि दाराला कुलूप त्याच बिलाचं असतं.

हे कुलूप कुठे बसवलंय ते आधी पाहू.

नंबर पोर्टेबिलिटी हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झाली आणि देशभर २० जानेवारी २०११ ला. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबरवर पाणी सोडायचं. मग दुकानाच्या पाटीपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळीकडे नवा नंबर कळवत फिरायचं. या कटकटीपायी लाखो लोक वाईट सेवा सोसत राहिले. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. मुंबई हे वेगळं सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा हे वेगळं, त्यामुळे दादरहून पुण्याला बदली झालेल्या माणसालाही त्याचा फायदा झाला. या देशात ग्राहकाच्या हाती खरीखुरी ताकद देणारे नियम फार थोडे आहेत. हा त्यातला एक, आणि म्हणूनच त्याच्यातली खोट जास्त टोचते.

आज पद्धत अशी आहे. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर पाठवायचा. आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं, की तीन कामाच्या दिवसांत नंबर तिकडे जातो, सर्कल बदलत असेल तर पाच दिवसांत. वाचायला फार छान. पण १६ डिसेंबर २०१९ पासून हा कोड सर्व अटी तपासल्यावरच मिळतो. नंबर त्या कंपनीकडे ९० दिवस असायला हवा, इथपर्यंत ठीक. पोस्टपेड असेल तर निघालेल्या बिलांची थकबाकी शून्य हवी. थकबाकी आहे की नाही, हे कोण सांगतं? जिला सोडून जायचंय तीच कंपनी. तिच्या संगणकाने 'आहे' म्हटलं की कोड मिळत नाही. त्या बिलावर ग्राहकाची तक्रार चालू आहे का, हा प्रश्न त्या तपासणीत कुठेच नाही. नंबर न्यायप्रविष्ट असेल तर तेही पोर्टिंग नाकारायच्या कारणांच्या यादीत आहे.

म्हणजे ज्याच्याकडे कंपनी सोडायचं सगळ्यात सबळ कारण आहे, नेमका तोच अडकतो. ज्याला बिल पटलंय तो हसत जातो. ज्याला चुकीचं बिल आलंय त्याने आधी ते चुकीचं बिल भरायचं.

आमच्या शेजारच्या काकू मुलीकडे दुबईला जाऊन आल्या. त्यांच्या मुलाने निघण्याआधी इथूनच ॲपवर रोमिंगचा पॅक घेतला होता आणि त्याचे पैसे कापल्याचा मेसेजही आला होता. काकूंचं महिन्याचं बिल आठशेच्या आत असतं. परत आल्यावर आलं ते तेरा हजारांवर. मी ते बिल हातात घेऊन पाहिलं. पहिल्या पानावर नुसती एकूण रक्कम, दुसऱ्यावर नव्या प्लॅनची जाहिरात, आणि तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत 'इंटरनॅशनल रोमिंग – डेटा' अशा ओळी. सगळ्या एकाच दिवसाच्या, विमान उतरल्यापासूनच्या दोन-अडीच तासांतल्या. फोन पर्समध्ये होता. त्यातलं व्हॉट्सॲप त्याच्या सवयीने फॅमिली ग्रुपवरचे व्हिडिओ उतरवून घेत होतं.

फोन स्पीकरवर लावला.

"मॅडम, पॅक ॲक्टिव्हेट व्हायच्या आधीचं युसेज आहे हे."

"अहो, पण पैसे तुम्ही आदल्या दिवशीच घेतलेत ना?"

"हो मॅडम, पैसे रिसीव्ह झालेत. पण सिस्टिमला ॲक्टिव्हेशन नंतरचं दाखवतंय."

"मग उशीर तुमच्या सिस्टिमने केला. त्याचे पैसे मी का भरू?"

"मॅडम, तुम्ही आधी ड्यू अमाउंट क्लिअर करा, मी कम्प्लेंट पुढे पाठवते."

त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोर जो स्क्रीन आहे त्यावर दुसरं काही म्हणायची सोयच नसते. राग आहे तो तो स्क्रीन आखणाऱ्यांवर. पोस्टपेड ग्राहकाने उधारीच्या मर्यादेचा ८० टक्के टप्पा गाठला की त्याला कळवा, असा ट्रायचा आदेश २००५ सालापासून आहे. काकूंना मेसेज आला तो सगळा आकडा चढून गेल्यावर.

मुलाने पोर्टिंगचा मेसेज पाठवला, तर थकबाकीचं कारण दाखवून नकार आला. मग आउटगोइंग बंद झालं, आणि पुढची धमकी इनकमिंग बंद करायची. काकूंची पेन्शन, बँकेचे ओटीपी, गॅसचं बुकिंग सगळं त्याच नंबरवर. मुलाने तेरा हजार भरून टाकले. पैसे जमा झाल्यावर लगेचच तक्रारीची स्थिती 'रिझॉल्व्ह्ड' झाली. तिचा निकाल काय लागला हे कोणी सांगितलं नाही, आणि पैसे परत आले नाहीत.

ही एका घराची गोष्ट नाही, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाचं सरासरी मासिक बिल ५५५ रुपये होतं. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या महिन्याचं बिल त्याला आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. तो २०१४ मध्ये जिल्हा ग्राहक मंचात गेला. कंपनीने तिथे बिल कसं बरोबर आहे हे सांगण्याआधी वेगळाच मुद्दा काढला: टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे, तेव्हा ग्राहक मंचाला आमचं प्रकरण ऐकायचा अधिकारच नाही. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालाचा त्याला आधार होता, आणि त्या निकालाकडे बोट दाखवून मधल्या काळात अनेक टेलिफोन ग्राहकांना मंचांच्या दारातून परत पाठवलं गेलं. अखेर १६ फेब्रुवारी २०२२ ला व्होडाफोन आयडियाच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ग्राहक मंचात जायचा हक्क शाबूत आहे. निकाल मोलाचा आहे. पण एका महिन्याच्या बिलाबद्दल तक्रार ऐकायची की नाही, एवढंच ठरायला आठ वर्षं गेली. बिल बरोबर की चूक, हा प्रश्न त्यानंतरचा. कंपनीकडे वकिलांची फौज असते, तिला आठ वर्षं परवडतात. मोबाइल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आठ दिवसही परवडत नाहीत.

आता एक जुनी गोष्ट, आणि ती मुद्दाम सांगतोय. सरकारी टेलिफोनच्या काळात जादा बिलाच्या तक्रारी कमी नव्हत्या. एसटीडीला कुलूप लावूनही हजारोंची बिलं यायची आणि लोक टेलिफोन भवनात चपला झिजवायचे. त्या कारभाराचं कौतुक करावं असं फारसं काही नाही. पण त्यांच्याकडे एक शहाणी सोय होती. जादा बिलाची तक्रार केली की बिल दोन भागांत करून मिळायचं. मागच्या सहा बिलांची सरासरी काढायची, त्यात दहा टक्के मिळवायचे, तेवढी रक्कम तूर्त भरायची आणि उरलेली रक्कम चौकशी होईपर्यंत बाजूला. फोन चालू. 'स्प्लिट बिल' म्हणायचे त्याला. ज्यांनी एमटीएनएल-बीएसएनएलचे दिवस काढलेत त्यांना आठवेल.

हाताने लेजर भरणाऱ्या खात्याला जे जमत होतं ते सेकंदासेकंदाच्या वापराचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना जमत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्यांना ते करायचं नाही. वादातली रक्कम आणि थकबाकी यांच्यात भिंत घातली तर ग्राहक चालू लागेल, आणि तो चालू लागू नये हीच त्यांची इच्छा आहे.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर: असं केलं तर लोक बिलं बुडवून पळतील. हे उत्तर खरं नाही, कारण पोर्टिंगच्या नियमांतच पळणाऱ्याची सोय करून ठेवलेली आहे. नंबर नव्या कंपनीकडे गेल्यावरही जुन्या कंपनीचं बिल राहिलं असेल, तर जुनी कंपनी नवीला कळवून तो नंबर बंद पाडू शकते. शिवाय थकबाकी क्रेडिट अहवालात चढू शकते, आणि मग घराच्या कर्जाच्या वेळी ती दात दाखवते. वसुलीचे एवढे मार्ग हाताशी असताना माणसाला दारातच अडवायची गरज काय? अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने हा प्रश्न कधीच निकालात काढलाय. तिथे तुमच्याकडे बाकी असो किंवा करार मोडल्याचं शुल्क असो, जुन्या कंपनीला नंबर पोर्ट करणं नाकारता येत नाही. पैशाचं भांडण ती तुमच्याशी नंतर वेगळं करू शकते. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला जो साधा हक्क आहे तो नाशिकमधल्या त्याच्या आईबापांना का नसावा?

ट्रायने पोर्टिंग नियमावलीत इतक्यांदा दुरुस्त्या केल्या. आता एक छोटी दुरुस्ती करावी: ज्या रकमेवर बिलाच्या मुदतीत तक्रार नोंदवली गेली आहे आणि जिचा निकाल लागलेला नाही, ती पोर्टिंगसाठी थकबाकी धरू नये, सरासरीइतकी रक्कम भरली असेल तर कोड द्यावा. एवढंच.

ब्रॉडबँडचं दुखणं निराळं. तिथे नेण्यासारखा नंबर नाही, त्यामुळे वाटतं की काय, उद्या दुसरं कनेक्शन घेऊ. पण घरात कंपनीचा राउटरचा डबा असतो, डिपॉझिट अडकलेलं असतं, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिलेले असतात. कनेक्शन घेताना माणूस दोन तासांत येतो, भोक पाडून वायर आत घेतो आणि चहा पिऊन जातो. बंद करायचं म्हटलं की ॲपमध्ये तसं बटणच सापडत नाही. फोन केला की आधी स्वस्त प्लॅनचं आमिष, मग वरिष्ठांशी बोलून सांगतो, मग शांतता. बंद करायची विनंती सात दिवसांत पुरी करायची, असं ट्रायचं मानक आहे. प्रत्यक्षात डबा न्यायला कोणी येत नाही, आणि डबा घरात आहे म्हणून बिलं येत राहतात. शेवटी एक मुलगा बाइकवर येतो, डबा सॅकमध्ये टाकतो आणि जातो. पावती मागा. तो म्हणेल, सिस्टिममध्ये अपडेट होतं. तरीही मागा. पावती देत नसेल तर डब्याच्या मागचा सिरियल नंबर दिसेल असा त्याच्या हातातल्या डब्याचा फोटो काढा. तीन महिन्यांनी 'राउटर परत केला नाही' म्हणून जे बिल येतं, त्याच्यापुढे हा एक फोटो उभा राहतो.

छोट्या शहरांत आणि उपनगरांत आणखी एक पात्र मधे असतं: गल्लीतला केबलवाला. तो कंपनीची फ्रँचाइझी चालवतो, पैसे रोख किंवा स्वतःच्या यूपीआयवर घेतो, आणि वाद झाला की कंपनी म्हणते आमच्याकडे जमा नाही, तो म्हणतो मी वर भरले. काही सोसायट्यांत तर दुसऱ्या कंपनीची वायर गच्चीवर येऊच दिली जात नाही, कारण कमिटीने एकाशी संगनमत केलेलं असतं. इमारतीत कुठल्याही एका कंपनीची मक्तेदारी नको, अशी शिफारस ट्रायने २०१७ मध्येच केली होती. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. पार्किंगवर तीन तास भांडतो आपण, यावर अर्धा तास बोलता येईल.

तर सध्याच्या नियमांत, हाती आहे तेवढ्यावर काय करायचं? पहिलं म्हणजे बिल बँकेतून आपोआप कापलं जायची सोय तातडीने बंद करायची. पैसे गेल्यावर भांडायची ताकद निम्मी होते. मग १९८ वर तक्रार, आणि डॉकेट नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. बोलणाऱ्याने कितीही गोड बोलून 'बघतो' म्हटलं तरी नाही. त्याच दिवशी ईमेल लिहायचा: अमुक बिलातली अमुक रक्कम मला अमान्य आहे, उरलेली मी भरतोय. आणि उरलेली खरोखर भरायची, पावती जपायची. कंपनीने हे भरणं पुरेसं मानलं नाही तरी पुढे ग्राहक आयोगासमोर (पूर्वीचा ग्राहक मंच) ते तुमच्या बाजूने बोलतं. काकूंच्या मुलाने असा ईमेल केला असता तर आज हातात निदान कागद असता. बिलाची तक्रार सोडवायला कंपनीला चार आठवडे मिळतात. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याला शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. अपील ऐकणारा माणूस कंपनीचाच, हे मला मान्य नाही आणि तुम्हालाही नसेल. तरीही अपील करा, कारण 'आम्हाला संधीच दिली नाही' ही पळवाट त्याने बंद होते.

ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवून वाट पाहत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, दावा ऑनलाइन भरता येतो आणि वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांत कागद वाचून सल्ला देणारी माणसं आजही आहेत.

बँकेने नाडलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, १९९५ पासून आहे. टेलिकॉमसाठीही लोकपाल नेमा, ही शिफारस ट्रायने २०१७ मध्ये केली आणि २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात सरकारने ते वचन छापलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तंटा निवारणाची तरतूद आली. ती व्यवस्था उभी करणं हे सरकारचं काम आहे, आणि ते रेंगाळलेलं आहे. देशातल्या जवळपास प्रत्येक घराचा ज्या धंद्याशी दर महिन्याला व्यवहार होतो, त्या धंद्यावर निःपक्षपाती पंच नसावा, ही चीड आणणारी गोष्ट आहे.

शेवटी एका पाकिटाबद्दल, कारण ते पाकीट पाहून भलेभले गारठतात. कंपनी सोडून वर्ष-दोन वर्षं झाली की एक दिवस राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस येते. वर विधी सेवा प्राधिकरणाचं नाव, खाली जिल्हा न्यायालयाचा पत्ता, मधे तुमचं नाव आणि दीड-दोन हजारांची रक्कम. घरात कोर्टाचं पाकीट आलं म्हटल्यावर म्हातारी माणसं रात्रभर झोपत नाहीत. नीट वाचा. त्यावर 'दाखलपूर्व प्रकरण' असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्यावर कोणताही दावा दाखल झालेला नाही. तुम्हाला कोणी दोषी ठरवलेलं नाही आणि पोलीस येणार नाहीत. लोक अदालत दोघांच्या राजीखुशीशिवाय काही ठरवू शकत नाही. मात्र तिथे तडजोडीच्या कागदावर सही केली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. त्यामुळे 'निम्मे द्या, विषय मिटवा' असं कंपनीचा वसुलीवाला कॉरिडॉरमध्येच कानात सांगतो, तेव्हा घाईने सही करू नका. जरूर जा, सोबत तक्रारीचा डॉकेट नंबर, तो ईमेल आणि डब्याचा फोटो न्या. पॅनेलसमोर शांतपणे सांगा: ही रक्कम मला मान्य नाही, तक्रार अमुक तारखेला केली होती, कंपनीने उत्तर दिलेलं नाही, मला तडजोड करायची नाही. तेवढी नोंद करून घ्या आणि घरी या.